आधी नोंदी, मग यंत्र : जुन्या संगणकातील फसलेले अपडेट व डिस्कचे दोष

बीदर शहरात महमूद गवान याने १४७२ मध्ये उभारलेला मदरसा आजही पाहावयास मिळतो. येथील ग्रंथालयात सुमारे तीन हजार हस्तलिखिते होती, असे सांगितले जाते. १६९६ मध्ये झालेल्या दारूगोळ्याच्या स्फोटात या वास्तूच्या दर्शनी भागाचा मोठा हिस्सा व एक मिनार नाहीसा झाला. दुसरा मिनार उभा आहे. तो ग्रंथसंग्रह मात्र आज तेथे नाही. वास्तूची डागडुजी पुढील पिढ्यांना करता येते. परंतु ज्या ग्रंथाची दुसरी प्रत कोठेच नव्हती, तो ग्रंथ कोणत्याही कारागिराला पुन्हा निर्माण करता येत नाही.

हाच नियम आपल्या शाळांत, ग्रामपंचायतींत व सहकारी संस्थांत असलेल्या संगणकालाही लागू आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी कर्नाटक राज्याने ‘भूमी’ प्रकल्पाद्वारे सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे जवळजवळ २ कोटी पहाणी उतारे संगणकावर आणले. त्यावेळच्या १७७ तालुक्यांत केंद्रे उघडण्यात आली आणि ती सुरू होताच हाताने लिहिलेला उतारा देण्याची पद्धत बंद झाली. अशा मोठ्या योजनांतील नोंदींच्या प्रती अन्यत्र जतन करण्याची व्यवस्था असते. परंतु गावच्या शाळेतील विद्यार्थ्यांची यादी, संस्थेच्या सभासदांची खाती, बचत गटाचे हिशेब हे पुष्कळदा एकाच संगणकात व एकाच प्रतीत असतात. तो संगणक दहा-बारा वर्षांचा झालेला असतो, आणि एके दिवशी अपडेट अर्ध्यावर फसून तो सुरूच होत नाही. अशा वेळी काय करावे व काय करू नये, याची माहिती शिक्षक, कर्मचारी व ग्रामस्थ यांना व्हावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

अपडेट म्हणजे काय?

संगणकाचे सर्व काम त्याच्या मूळ कार्यप्रणालीवर अवलंबून असते. आपल्या भागात बहुतेक ठिकाणी ‘विंडोज’ ही प्रणाली वापरात आहे. तिच्यात आढळलेले दोष दूर करण्यासाठी व चोरट्या कार्यक्रमांपासून संरक्षण मिळावे म्हणून उत्पादक वेळोवेळी सुधारणा पाठवितात. या सुधारणेलाच व्यवहारात ‘अपडेट’ म्हणतात. जुन्या फायली काढून त्यांच्या जागी नव्या बसविणे, असे हे काम असते. चालत्या मोटेचा दोर बदलण्यासारखेच ते नाजूक आहे. काम पूर्ण झाले तर उत्तम. मध्येच थांबले तर धड जुना दोर नाही व धड नवाही नाही, अशी स्थिती होते.

अपडेट फसणे ही केवळ गावाकडच्या जुन्या संगणकांची गोष्ट नव्हे. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या कंपनीच्या सुरक्षा-कार्यक्रमाचे एक सदोष अपडेट जगभर गेले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चे एक मोठे अपडेट मायक्रोसॉफ्टला थांबवावे लागले. कारण काही लोकांच्या स्वतःच्या फायलीच त्यामुळे पुसल्या गेल्या होत्या. यावरून अपडेट टाळावे असा अर्थ मात्र काढू नये. अपडेट न घेतलेला संगणक इंटरनेटला जोडणे अधिक धोक्याचे आहे. अपडेटपूर्वी नोंदींची प्रत काढलेली असावी, एवढाच बोध यातून घ्यावयाचा आहे.

डिस्क कशी झिजते?

संगणकातील माहिती हार्ड डिस्कवर साठविलेली असते. पहिली हार्ड डिस्क आय.बी.एम. कंपनीने १९५६ मध्ये, म्हणजे आपल्याकडे राज्यपुनर्रचना झाली त्याच वर्षी, बाजारात आणली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व त्या सर्वांवर मिळून केवळ ५० लाख अक्षरे मावत. आजची डिस्क तळहातावर मावते, पण तत्त्व तेच आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचन-लेखन करणारे शीर्ष तिच्या पृष्ठभागाला न टेकता केसाच्या जाडीहूनही पुष्कळ कमी अंतरावरून फिरते.

तबकडीची विभागणी लहान लहान कप्प्यांत केलेली असते. त्यांना ‘सेक्टर’ म्हणतात. धक्का, उष्णता, विजेचे झटके किंवा वय यांमुळे काही कप्पे वाचता येईनासे होतात. डिस्कमध्ये थोडे राखीव कप्पे ठेवलेले असतात व खराब झालेल्यांऐवजी ती त्यांचा वापर करते. त्यामुळे आरंभी आपणांस काहीच कळत नाही. राखीव कप्पे संपत आले, किंवा नेमका महत्त्वाच्या फायलीचा कप्पा गेला, म्हणजे दोष उघड होतो.

कलबुर्गीच्या मैदानी भागात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. तुरीच्या मळणीच्या दिवसांत धूळ सर्वत्र पसरते. ही धूळ डिस्कच्या बंद पेटीत सहसा शिरत नाही. परंतु ती पंख्यावर व जाळीवर बसते, हवा खेळत नाही व आतील भाग तापतात. त्यातच वीज अचानक गेली तर डिस्क लिहिण्याच्या मध्येच थांबते. लिहिणाऱ्याच्या हातून मध्येच वही ओढून घ्यावी, तसा हा प्रकार होय.

अपडेट का फसते?

अपडेट फसल्यावर बहुतेक जण अपडेटलाच दोष देतात. वस्तुतः जुन्या संगणकात ते पुष्कळदा रोगाचे केवळ लक्षण असते. एरवी कधी न उघडल्या जाणाऱ्या शेकडो फायली अपडेटच्या वेळी वाचल्या व लिहिल्या जातात; म्हणून डिस्कचा लपलेला दोष याच वेळी बाहेर येतो. नेहमीची कारणे पुढीलप्रमाणे आहेत :

(१) सी ड्राइव्हवर जागा नसणे. मोठ्या अपडेटला साधारण २० जीबी मोकळी जागा असलेली बरी.

(२) मध्येच वीज जाणे किंवा इंटरनेट तुटणे.

(३) संगणकाची तारीख चुकलेली असणे. मदरबोर्डवर रुपयाएवढ्या आकाराची एक बॅटरी असते. ती संपली की संगणक बंद करताच तारीख काही वर्षे मागे जाते. तारीख चुकली म्हणजे अपडेट पाठविणाऱ्या ठिकाणाची ओळख पटत नाही व संगणक ते नाकारतो. ही बॅटरी अल्प किमतीत मिळते. म्हणून प्रथम घड्याळाकडे पाहावे.

(४) डिस्कला जोडणारी केबल सैल होणे.

(५) डिस्कमध्ये खराब कप्पे असणे.

(६) प्रणालीचीच मुदत संपलेली असणे. विंडोज ७ साठी सुरक्षा-सुधारणा देणे १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाले व विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-व्यवस्था आवश्यक असते. पुष्कळ जुने संगणक या अटीत बसत नाहीत.

एक प्रसंग

समजा, भालकी किंवा औराद तालुक्यातील एका मराठी शाळेत जून महिन्यात दाखले देण्याची घाई आहे. काही मुलांना उदगीरला, काहींना बीदरला प्रवेश घ्यावयाचा आहे. मुख्याध्यापक संगणक सुरू करतात, तो पडद्यावर अपडेट होत असल्याची सूचना येते व टक्केवारी एका आकड्यावर अडकून राहते. तास उलटून गेल्यावर कोणीतरी बटण दाबून तो बंद करतो. पुन्हा सुरू केल्यावर डिस्क दुरुस्त होत असल्याचा संदेश येतो व संगणक पुनःपुन्हा आपोआप बंद-चालू होऊ लागतो. मग एखादा जाणकार म्हणतो, ‘फॉरमॅट मारू, तासाभरात चालू होईल.’

संगणक तासाभरात चालू होईलही. परंतु गेल्या आठ वर्षांची जनरल रजिस्टरची यादी त्यात असेल, तर ती जाईल. जन्मतारीख, नावाचे अचूक लेखन व किती वर्षे कोणत्या गावी शिक्षण झाले, हे या नोंदींवरून ठरते. २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम ३७१ (जे) चा लाभ घेताना, आपण या भागातले आहोत हे दाखविण्यासाठी, शालेय नोंदी उपयोगी पडतात. संगणक नवा घेता येतो. नोंद नवी करता येत नाही. म्हणून दुरुस्तीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

पहिली पायरी : थांबणे

अपडेट सुरू असताना डिस्कचा लहान दिवा लुकलुकत असेल, तर काम चालू आहे असे समजून वाट पाहावी. जुन्या डिस्कवर दोन-तीन तास लागणे अशक्य नाही. ‘अन्डूइंग चेंजेस’ असा संदेश आला, तर संगणक स्वतःच मागील स्थितीत परत जात आहे. त्यास मुळीच अडवू नये. दिवा कित्येक तास निश्चल असेल व पडद्यावर काहीच हालचाल नसेल, तरच बटण दाबून धरून संगणक बंद करावा.

डिस्कमधून टकटक किंवा खरखर असा आवाज येत असेल, तर संगणक तत्काळ बंद करावा व पुन्हा सुरू करून पाहू नये. शीर्ष तबकडीला घासत असण्याचा संभव असतो व प्रत्येक वेळी सुरू केल्याने उरलेली माहितीही खरवडली जाते. डिस्कची पेटी कधीही उघडू नये. तिला बर्फात ठेवणे, ठोकणे असले उपाय कोणी सुचविल्यास ऐकू नयेत. नोंदी मौल्यवान असतील, तर माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञांकडेच ती डिस्क पाठवावी.

दुसरी पायरी : प्रत काढणे

आवाज नसेल, तर दुरुस्तीपूर्वी नोंदींची प्रत काढावी. त्यासाठी संगणक स्वतः सुरू होण्याची गरज नाही. डिस्क काढून ती यूएसबी जोडणीच्या साधनाने दुसऱ्या चांगल्या संगणकाला लावता येते. किंवा लिनक्स प्रणाली असलेल्या पेन ड्राइव्हवरून तोच संगणक सुरू करून फायली बाहेरच्या डिस्कवर उतरविता येतात. दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर ‘ही डिस्क फॉरमॅट करावयाची काय?’ असा प्रश्न आला, तर उत्तर ‘नाही’ असेच द्यावे.

प्रत काढताना संपूर्ण डिस्क एकदम उचलू नये. प्रथम आपण स्वतः तयार केलेली कागदपत्रे, याद्या व हिशेब घ्यावेत. नंतर छायाचित्रे इत्यादी घ्यावीत. ‘डेस्कटॉप’, ‘डॉक्युमेंट्स’ व ‘डाउनलोड्स’ ही तीन ठिकाणे विसरू नयेत. एखाद्या फायलीवर संगणक अडकून पडला, तर ती सोडून पुढे जावे; हट्टाने तीच फाइल वाचण्याचा प्रयत्न केल्यास डिस्कवर ताण येतो. प्रत झाल्यावर त्यातील चार-दोन फायली उघडून पाहाव्यात.

तिसरी पायरी : डिस्कची परीक्षा

प्रत हाती आल्यानंतरच परीक्षा करावी. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवते. या सोयीला ‘स्मार्ट’ असे नाव आहे. ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ सारखा विनामूल्य कार्यक्रम ही नोंद दाखवितो : निळा रंग असेल तर ठीक, पिवळा असेल तर सावध, तांबडा असेल तर वाईट. ‘रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर’ म्हणजे बदलून घेतलेले कप्पे, व ‘पेंडिंग सेक्टर’ म्हणजे वाचता न आलेले, संशयास्पद कप्पे. हे आकडे दर आठवड्यास वाढत असतील, तर त्या डिस्कवर विश्वास ठेवू नये.

चौथी पायरी : दुरुस्ती

डिस्कची प्रकृती ठीक असेल, तर दोष बहुधा फायलींच्या मांडणीत असतो व तो दूर होतो. विंडोज १० मध्ये दोन-तीन वेळा सुरू होण्याचा प्रयत्न फसल्यावर दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. त्यातील ‘ट्रबलशूट’ व नंतर ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ येथे गेल्यावर ‘स्टार्टअप रिपेअर’, ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ व ‘सिस्टम रिस्टोअर’ हे पर्याय मिळतात. याच क्रमाने ते करून पाहावेत. विंडोज ७ मध्ये सुरुवातीस ‘एफ ८’ ही कळ दाबल्यास असाच पडदा येतो. ‘रीसेट’ हा शेवटचा उपाय समजावा. त्यातील ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ या पर्यायाने सर्व काही पुसले जाते.

संगणक सुरू झाल्यावर सी ड्राइव्हच्या चिन्हावर माउसची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’, ‘टूल्स’ व ‘चेक’ असे निवडावे. ही तपासणी मांडणीतील चुका सुधारते. प्रत्येक कप्पा वाचून पाहणारी सखोल तपासणी मात्र कित्येक तास चालते. दुबळ्या डिस्कवर ती केल्यास डिस्क त्या श्रमानेच निकामी होऊ शकते, आणि तुटलेल्या फायलींचे तुकडे वेगळ्या नावाने ठेवले जात असल्याने मूळ नावे हरवतात. प्रत आधी व तपासणी नंतर, असा आग्रह धरण्याचे कारण हेच आहे.

यानंतर तारीख तपासून, ‘डिस्क क्लीनअप’ने जागा मोकळी करून, केबल घट्ट बसवून व वीज खात्रीची असताना अपडेट पुन्हा करावे. मोठ्या अपडेटनंतर साधारण दहा दिवस जुन्या स्थितीत परत जाण्याची सोय असते. तोवर ‘विंडोज.ओल्ड’ हा फोल्डर काढून टाकू नये.

डिस्क खराब निघाली, तर दुरुस्तीत वेळ न घालविता ती बदलावी. तिच्या जागी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी, बसविल्यास जुना संगणकही लक्षणीय वेगाने चालतो. त्यात फिरणारा भाग नसतो. तथापि एसएसडी कधी कधी पूर्वसूचनेशिवाय बंद पडते. म्हणून नोंदींची प्रत तिच्यासाठीही आवश्यकच आहे.

अक्षरांचा प्रश्न

आपल्या सीमाभागात एक विशेष अडचण येते. एकाच कार्यालयात कन्नड मजकूर ‘नुडी’मध्ये व मराठी मजकूर ‘श्री-लिपी’सारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला असतो. प्रणाली नव्याने बसविल्यावर हे फाँट नाहीसे होतात आणि वाचविलेली फाइल उघडली तरी पडद्यावर अर्थहीन चिन्हे दिसतात. फाइल नष्ट झाली असे समजून काही जण ती पुसूनही टाकतात. वस्तुतः मजकूर शाबूत असतो. तोच फाँट पुन्हा बसविताच तो वाचता येतो. म्हणून प्रत काढताना ‘विंडोज’मधील ‘फाँट्स’ हा फोल्डर व टंकलेखनाच्या कार्यक्रमाची मूळ प्रत हीही घ्यावी. यापुढील सर्व लेखन मात्र युनिकोडमध्ये करावे, म्हणजे ते कोणत्याही संगणकावर व मोबाइलवर वाचता येईल.

जुना संगणक टाकून द्यावा काय?

ज्या संगणकास नवी विंडोज चालत नाही, तो टाकाऊच ठरतो असे नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे नाव भारतीय भाषांच्या संगणकीय कामामुळे आपणांस परिचित आहे. त्याच सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित प्रणाली व ‘उबुंटू’सारख्या प्रणाली विनामूल्य मिळतात व त्यांत भारतीय भाषांची सोय आहे. लेखन, याद्या, मुलांचा सराव यांसाठी त्या पुरेशा आहेत. एखादा विशिष्ट कार्यालयीन कार्यक्रम केवळ विंडोजवरच चालत असेल, तर मात्र आधी खात्री करून घ्यावी. संगणक खरोखरच निकामी झाला, तर त्यातील डिस्क काढून घ्यावी, नोंदी कायमच्या पुसाव्यात व यंत्र ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावे. भंगारात गेलेल्या डिस्कमध्ये गावाची आधार क्रमांकांसह माहिती राहू देणे धोक्याचे आहे.

पूर्वखबरदारी

पुढील गोष्टींना पैसा थोडा व शिस्त अधिक लागते :

(१) नोंदींच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. त्यांतील एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी.

(२) दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी प्रत काढावी व तारीख, प्रत काढणाऱ्याचे नाव आणि सही यांची नोंद एका वहीत करावी.

(३) पेन ड्राइव्ह हे ने-आण करण्याचे साधन आहे. कायम साठवणीसाठी केवळ त्यावर विसंबू नये.

(४) दाखले, सभासद-यादी व वार्षिक हिशेब यांची एक छापील प्रत फायलीत ठेवावी.

(५) यूपीएसची बॅटरी वर्षातून एकदा तपासावी. अपडेट परीक्षेच्या, प्रवेशाच्या किंवा मार्चअखेरच्या दिवसांत करू नये.

(६) पंखा व जाळी दर तीन महिन्यांनी संगणक बंद ठेवून साफ करावी.

(७) दुरुस्ती करणाऱ्यास संगणक देताना ‘प्रत काढल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ असे लेखी द्यावे.

आपल्या गावांतील जुन्या पिढीने बाराखडीच्या वह्या, जमाखर्चाची बाडे व सभेची इतिवृत्ते कापडात बांधून, वाळवी लागू नये म्हणून दरवर्षी उन्हात काढून जपली. संगणकाने ते श्रम कमी केले. जबाबदारी मात्र कमी केलेली नाही. कापडाच्या जागी डिस्क आली आणि वर्षातून एकदा ऊन दाखविण्याच्या जागी महिन्यातून एकदा प्रत काढणे आले, एवढाच काय तो फरक. हा अंक वाचून झाल्यावर प्रत्येक मुख्याध्यापकाने, पंचायत कर्मचाऱ्याने व संस्थेच्या सचिवाने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : आपला संगणक आज रात्री बंद पडला, तर उद्या सकाळी येणाऱ्या माणसाला त्याची नोंद देता येईल काय? उत्तर ‘नाही’ असे येत असेल, तर पहिली प्रत आजच काढावी.